‘जॅग्वार’: मिठाला जागलेला पहारेकरी

आज आम्ही घेतलेला सिनेमा वरवर पाहिला तर मारधाडीचा आहे. खून, पाठलाग, नाइट क्लब, पिस्तूल, सगळं आहे. नाव ‘जॅग्वार’, साल १९७९, भाषा फिलिपिनो, दिग्दर्शक लिनो ब्रोका. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांना हे काय सुचलं! जरा थांबा.

आधी नाव बघू. त्या नावाचं जनावर सिनेमात कुठेच नाही. तिकडे पहारेकऱ्याला ‘ग्वार्डिया’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, तीनशे वर्षांच्या राजवटीने मागे ठेवलेला. मनिलाच्या रस्त्यावर शब्दाची अक्षरं उलटसुलट करून बोलतात, आपल्याकडे पोरं ‘च’ची भाषा बोलायची ना, तसंच काहीसं. त्यातून ग्वार्डियाचा झाला जॅग्वार. दारात उभं राहून सलाम ठोकणाऱ्याला श्वापदाचं नाव! अख्खा सिनेमा या थट्टेतच आहे.

पोल्डो हा झोपडपट्टीत राहणारा वॉचमन. फिलिप साल्वाडोरने त्याचं काम केलंय. मारामारीत तो आपल्या श्रीमंत मालकाला, सनीला, वाचवतो. सनी खूश होऊन त्याला अंगरक्षक करतो, पार्ट्यांना नेतो. पोल्डोला वाटतं, आपण यांच्यातलेच झालो. मग एका भांडणात मालकासाठी तो गोळी झाडतो, समोरचा मरतो, आणि सनी हात झटकून मोकळा.

इथे एक शब्द लक्षात घ्या, ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे देणं, लोओब म्हणजे आत, अंतःकरण. केलेल्या उपकाराचं आतून वाटणारं ऋण. आपलं ‘मिठाला जागणं’ याच्या फार जवळ जातं. पण हिशोब तपासा की! जीव वाचवला पोल्डोने, म्हणजे देणेकरी सनी. तरी ओझं वाहतो पोल्डोच. देणं नेहमी खालच्याने वरच्याचं फेडायचं, असा हा व्यवहार. काही अभ्यासक याला ‘फिलिपिनो स्वभाव’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. त्याच १९७९ साली रेनाल्डो इलेटो या इतिहासकाराचं ‘पासिओन अँड रेव्होल्यूशन’ आलं. तिथल्या साध्या माणसांच्या बंडांना स्वतःची नैतिक भाषा होती, हे त्यांनी दाखवलं. निमूट राहणं रक्तात असतं, तर बंडं झालीच नसती.

बरं, काळ कोणता? मार्कोसने १९७२ मध्ये मार्शल लॉ लावला, तो कागदोपत्री उठला १९८१ मध्ये. पटकथा आधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. इमेल्डा मार्कोस ‘सत्य, शिव, सुंदर’ म्हणत मनिला सजवत होत्या. म्हणजे आपलंच ब्रीद, पण झोपड्यांपुढे भिंती बांधून! ‘जॅग्वार’चे लेखक होसे लाकाबा आणि रिकी ली दोघेही याच काळात तुरुंग भोगून आलेले. त्यांनी निक होआकिन यांच्या जुन्या गुन्हेवृत्ताचा आधार घेतला, आणि सरकारचं नाव न घेता सरकारबद्दल बोलले. पोल्डोचा पाठलाग होतो तो ‘स्मोकी माउंटन’ या कचऱ्याच्या डोंगरावर. कॅमेरा तिथे नेणं हेच मोठं विधान होतं. १९८०ला हा सिनेमा कानच्या मुख्य स्पर्धेत गेला, फिलिपिन्सचा पहिलाच.

ज्यांना जमेल त्यांनी यानंतर एरिक मट्टीचा २०१३चा ‘ऑन द जॉब’ बघावा. त्यात कैद्यांना खून करण्यापुरतं तुरुंगाबाहेर सोडतात, काम झालं की परत आत. ही कल्पना म्हणे मट्टीला एका ड्रायव्हरने दिली, स्वतः असं काम केल्याचं सांगणाऱ्या. हुकूम देणारे तिथे लष्करातले, राजकारणातले; कैद्याशी बोलतो तो मधला माणूस. पोल्डोला निदान सनीचा चेहरा तरी ठाऊक होता.