अँटी-टीपीओचा आकडा कुठून आला?

अकोट, परतवाडा, मूर्तिजापूरकडून रिपोर्ट घेऊन येणाऱ्या ताई हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, रोज गोळी खातो, मंग हा आकडा काहून उतरत नाई?" आकडा असतो अँटी-टीपीओचा. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९१२ साली हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी सर्जनने चार स्त्रियांच्या गलगंडांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूक्ष्मदर्शकाखाली थायरॉईडमध्ये जिकडेतिकडे लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी, ठाण मांडून बसलेल्या दिसल्या. त्या का आल्या, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. पुढे हाशिमोतो गावी परतले आणि तिथेच प्रॅक्टिस करत राहिले. (आम्हा गावाकडच्या डॉक्टरांना हे वाचून बरं वाटतं.)

शरीर स्वतःवरच उलटणार नाही, असा बहुतेकांचा समज होता. १९५६ मध्ये तो मोडला. अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला, तर त्यांच्या ग्रंथीत तशाच पेशी जमल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोतो आजाराच्या रुग्णांचा सीरम थायरॉईडच्या अर्कात मिसळला, आणि साका बसला. रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी होत्या! त्यांचं एक लक्ष्य थायरोग्लोब्युलिन. दुसऱ्याची ओळख १९८५ मध्ये पटली: थायरॉईड पेरॉक्सिडेज, म्हणजेच टीपीओ. आयोडीन जोडून हार्मोन बनवणारं हे ग्रंथीचं स्वतःचंच एन्झाइम.

मधल्या काळात, १९८३ साली, लंडनच्याच बोटाझो यांच्या गटाला रुग्णांच्या थायरॉईड पेशींवर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन सापडलं. एरवी ते मुख्यतः संरक्षक पेशींवर असतं. 'हे बघा, इथे काय सापडलं' असं दाखवण्याचं ते जणू ताट. थायरॉईडची पेशी त्या ताटात स्वतःचाच माल मांडत असावी, असा त्यांचा तर्क. आजार इथून सुरू होतो, असं त्यांना वाटलं. पण जमलेल्या लिम्फोसाइटच इंटरफेरॉन सोडून हे ताट पेशींवर आणू शकतात, हे नंतर दिसलं. म्हणून मला तरी ते आगीत तेल वाटतं, ठिणगी नव्हे.

आता ताईंचा प्रश्न. गोळीत फक्त कमी पडलेलं हार्मोन असतं. लिम्फोसाइटना आवरायचं काम तिचं नाही. म्हणून आकडा तसाच राहू शकतो. डोस टीएसएचवर ठरतो. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा तपासून पैसे घालवू नका. टीएसएच नॉर्मल आणि फक्त अँटी-टीपीओ वाढलेलं असेल, तर सहसा गोळी लागत नाही, वर्षाला एकदा टीएसएच पुरतो. मात्र दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर हा जुना रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा.