एका रेघेची किंमत

भूगोलाच्या तासाला आपण भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवतो, तेव्हा तिच्याखालची रेघ कुणीतरी पायी चालून आखली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याची रेघ मात्र विसरण्यासारखी नाही.

इ. स. १८९२ मध्ये रॉबर्ट पिअरी हा अमेरिकन संशोधक उत्तर ग्रीनलंडमधील एका कड्यावर पोहोचला. तेथून जे दिसले त्यावरून त्याने अनुमान केले, की समोर सामुद्रधुनी असून पलीकडची भूमी हे वेगळे बेट आहे. ‘पिअरी चॅनल’ नकाशावर आले. त्याच्या पूर्वेकडचा किनारा कोरा राहिला.

तो भरून काढण्यासाठी १९०६ च्या जूनमध्ये ‘डॅनमार्क’ हे जहाज कोपनहेगनहून निघाले. नेता होता लुडविग मिलियस-एरिकसेन. पुढे खंडवहनाचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड वेगेनर हवामानाच्या नोंदींसाठी सोबत होता. १९०७ च्या वसंतात कुत्र्यांच्या घसरगाड्या उत्तरेकडे निघाल्या. किनारा अपेक्षेपेक्षा पूर्वेला बराच पसरलेला निघाला. अंतर वाढले, शिधा आटला. तरीही मिलियस-एरिकसेन, नकाशाकार हेगन आणि ग्रीनलंडवासी ब्रोनलुंड सामुद्रधुनीचा छडा लावण्यासाठी पश्चिमेकडे वळले. सामुद्रधुनी नव्हतीच! होते ते बंद तोंडाचे फ्योर्ड.

सत्य हाती आले, पण परतीची वाट हातची गेली. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने तिघे अडकून पडले. शिकार अपुरी, पादत्राणे झिजलेली. नोव्हेंबरच्या ध्रुवीय अंधारात, परतीच्या वाटेवर, आधी हेगन गेला, मग मिलियस-एरिकसेन. ब्रोनलुंड गोठल्या पायांनी लँबर्ट लँडवरील शिध्याच्या साठ्यापर्यंत एकटा पोहोचला. तेथे त्याने रोजनिशीत सोबत्यांच्या मृत्यूची नोंद केली आणि प्राण सोडला. १९०८ च्या मार्चमध्ये योहान कोख आणि टोबियास गाब्रिएलसेन यांना त्याचा देह सापडला. हेगनने काढलेले नकाशे त्याच्यापाशी सुरक्षित होते! त्या दोघांचे देह मात्र कधीच सापडले नाहीत.

पिअरी चॅनल अस्तित्वात नसल्याचा मिलियस-एरिकसेनचा लेखी निर्वाळा पुढे एज्नार मिकेलसेनला दगडांच्या एका राशीत मिळाला.

पिअरीने लबाडी केली, असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने दुरून पाहिले आणि खात्रीने आखले, एवढेच. पण दुरून आखलेली रेघ खोडण्यासाठी कुणाला तरी तेथवर चालत जावे लागते. रेघ आखणाऱ्याला त्याची किंमत बहुधा द्यावी लागत नाही. ती देणारे वेगळेच असतात.