कंपवाताचा इतिहास आणि एक प्रथिन

१९८६ साली मुंबई-पुण्यास आलेले पोप जॉन पॉल दुसरे पुढे कंपवाताने ग्रासले गेले व २००५ साली प्रभूच्या घरी गेले. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले. मेंदूच्या पेशींत साचणारे सूक्ष्म गोळे १९१२ साली फ्रित्स लेव्ही यांना दिसले. ते अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे असतात, हे मात्र १९९७ साली उमगले. आज बहुतेक रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात हे बिघडलेले प्रथिन ओळखता येते. त्यावर रोखलेली औषधे शोधली जात आहेत. रोग थोपवणारे औषध अद्याप हाती नाही. पुसदच्या आपल्या धर्मग्रामात कोणा वडीलधाऱ्याचा हात थरथरला, तर त्याला देवाचा कोप म्हणू नये, अशी आमची विनंती आहे. त्यांना वेळीच डॉक्टरांकडे न्यावे आणि मिस्सेला येताना आधार द्यावा.