परिचारिकांनी जपलेली परिचारिका

सोनाळ्यासारख्या गावातून तुम्ही पेशंटला अकोल्याला भरती करता. तिथे पाळीपाळीने सिस्टर बदलतात. जाणारी सिस्टर येणारीला काय सांगते, कशी सांगते, यावर तुमच्या माणसाची तब्येत बरीच अवलंबून असते. याचं मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडलं.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्या पुन्हा सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली ४१ वर्षं परिचारिकांनीच त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं. सोबतच्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, तरी पुढच्या पिढीतल्या मुलींनी त्यांना आपलंच मानलं. २०११ मध्ये इच्छामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचं कौतुक केलं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ते राहून गेलं की पाठीला जखम सुरू होते. नवख्या सिस्टरला सगळ्यांसमोर झापलं, तर पुढच्या वेळी ती शंका विचारत नाही. भोगतो पेशंट. म्हणूनच सिस्टरांनी एकमेकींशी नीट बोलणं हा उपचाराचाच भाग आहे.

तुम्हीही मदत करा. पाळी बदलताना मध्ये बोलू नका. आणि ‘ए सिस्टर’ नको; ‘सिस्टर, जरा येता का?’ म्हणा.