लिबियातला सप्टेंबर आणि ५८ अंश

सामान्यज्ञानाची पुस्तकं पाठ करून मोठे झालेल्यांना हा प्रश्न नक्की आठवेल. जगातलं सर्वांत उष्ण ठिकाण कोणतं? उत्तर ठरलेलं: अझिझिया, लिबिया. १३ सप्टेंबर १९२२, ५८ अंश सेल्सिअस. एका मार्काचा प्रश्न, विषय संपला.

गंमत म्हणजे हा आकडा चुकीचा होता, आणि तरी नव्वद वर्षं टिकला! लॉग फाइल उघडून बग शोधण्यात ज्यांचे वीकेंड जातात, त्यांना ही गोष्ट आवडावी.

अझिझिया हे गाव त्रिपोलीपासून साधारण ४० किलोमीटर आत, दक्षिणेकडे आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला नफुसा डोंगर आणि त्यापलीकडे सहारा. सप्टेंबरात उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. किनाऱ्यावर दुपारी पारा तिशीच्या आसपास, गावात त्याहून थोडा जास्त. पण मधेच वाळवंटातून 'गिबली' सुटतो. अरबीत त्याचा अर्थ दक्षिणेचा वारा. तो आला की काही तासांत पारा झपाट्याने चढतो, हवेत धूळ भरते, समोरचा रस्ता दिसेनासा होतो. प्रवाशाने अशा वेळी जिथे असेल तिथेच थांबलेलं बरं. (इटालियनांनी याच वाऱ्याचं नाव एका विमानाला दिलं आणि मियाझाकींच्या जपानी स्टुडिओने ते त्या विमानावरून उचललं. हो, तोच तो स्टुडिओ जिबली!)

तर १९२२ साली लिबिया इटलीच्या ताब्यात होता आणि हवामानाच्या नोंदी अझिझियाच्या लष्करी किल्ल्यात होत असत. तिथे भूगोलाच्या पुस्तकातल्या कमाल-किमान तापमापकाच्याच जातीचं एक उपकरण होतं. इंग्रजी यू आकाराची नळी, आत पारा आणि पाऱ्याने ढकललेली छोटीशी पोलादी सुई. वाचन सुईच्या खालच्या टोकाशी घ्यायचं. वरच्या टोकाशी घेतलं की आकडा सरळ सात अंशांनी वाढतो.

२०१० मध्ये ख्रिस्तोफर बर्ट या हवामान-इतिहासकाराने या विक्रमावर शंका घेतली आणि जागतिक हवामान संघटनेने चौकशी समिती नेमली. समितीत लिबियाच्या राष्ट्रीय हवामान केंद्राचे खालिद एल फदली होते. १९२२ ची मूळ नोंदवहीची पानं त्यांनीच मिळवून दिली. मग २०११ मध्ये क्रांती झाली, युद्ध पेटलं, आणि कित्येक महिने त्यांचा समितीशी संपर्कच तुटला. ऑगस्टमध्ये गद्दाफींची सत्ता कोसळल्यावर ते पुन्हा संपर्कात आले आणि काम पुढे सुरू झालं. देश जळत असताना नव्वद वर्षांपूर्वीच्या एका आकड्याचा पाठपुरावा करणं... याला काय म्हणायचं?

वहीत काय सापडलं? ११ सप्टेंबर १९२२ पासून हस्ताक्षर बदललेलं. म्हणजे माणूस नवा. त्याने कमाल आणि किमान आकडे चुकीच्या रकान्यांत भरलेले. आसपासच्या केंद्रांवर त्या दिवशी असं काहीच नाही, आणि अझिझियातही पुढे कधी तेवढं तापमान गेलं नाही. शिवाय उपकरण डांबरासारख्या काळपट जागेवर ठेवलेलं. १३ सप्टेंबर २०१२ ला, बरोबर नव्वदाव्या वाढदिवशी, विक्रम रद्द झाला. मान अमेरिकेच्या डेथ व्हॅलीकडे गेला: ५६.७ अंश, १० जुलै १९१३. त्यावरही शंका घेणारे अभ्यासक आहेत, तेव्हा पुस्तकातली दुरुस्ती पेन्सिलीनेच करा.

पण लिबियातल्या सप्टेंबरची गोष्ट उष्णतेवर संपत नाही. उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र याच सुमारास वादळांना बळ पुरवतो. १० सप्टेंबर २०२३ ला 'डॅनियल' वादळ लिबियाच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं. अल बैदा इथे २४ तासांत ४१४.१ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री डेर्ना शहराच्या वरची १९७० च्या दशकातली दोन धरणं फुटली. शहराचे पूल वाहून गेले, रस्ते तुटले, मदतीच्या गाड्यांना वाट उरली नाही. हजारो माणसं गेली.

ही धरणं धोक्यात आहेत, ताबडतोब दुरुस्त करा, असं अब्देलवनीस अशूर या लिबियन जलतज्ज्ञाने २०२२ मध्येच एका शोधनिबंधात लिहिलं होतं. एका नवख्या माणसाने चुकीच्या टोकाशी वाचलेला आकडा जगभरच्या पोरांनी पाठ केला. अशूर यांचे आकडे डेर्नाच्या लोकांच्या जिवाशी निगडित होते. ते छापूनही आले होते. ज्यांनी वाचायला हवे होते, त्यांनी ते पान उघडलं नाही.