हवामान : एका शब्दाची कुळकथा

गिरगावातील चाळीच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी गृहिणी आभाळाकडे पाहून ‘आज हवा काही बरी दिसत नाही’ असे म्हणते, तेव्हा ती त्या एका दिवसाविषयी बोलत असते. परंतु मृग लागण्यापूर्वी वर्षाचे पापड वाळवून ती डब्यांत भरते, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्या हातून अंमलात येत असतो. हे अंतर दाखविणारा ‘हवामान’ हा शब्द मिश्र कुळाचा आहे. ‘हवा’ मूळची अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. ‘मान’ संस्कृत, म्हणजे माप, तापमान आणि पर्जन्यमान यांच्याच घराण्यातले. डॉक्टरांनी ‘हवापालट करा’ म्हणून आजाऱ्यास माथेरानास धाडले, की तो तेथील एका दिवसाची हवा नव्हे, तर कायमचे हवापाणी घेण्यास जाई. परळ-लालबागच्या गिरण्यांत सूत कमी तुटे, यातही मुंबईच्या दमट हवामानाचा वाटा होता.

परंतु मान ठरवावयाचे तर नोंद हवी, आणि ती कुलाब्यास झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून नियमित निरीक्षणे सुरू झाली. पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयात तेथेच चाकरीस होते. ठरल्या वेळी तापमापक आणि वायुभारमापक पाहावा, आकडा वहीत रुजू करावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे, या निष्ठेचे मोल मला फार वाटते. यातील एकेक आकडा ही केवळ हवा. त्यांचे दफ्तर वर्षानुवर्षे साचले, तेव्हा कोठे त्यांतून हवामान हाती आले. त्यासाठी किती वर्षे धरावीत, तर तीस, असा दंडक १९३५ साली वॉर्सा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून रूढ झाला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच शहरात कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटरांच्या आसपास. तो प्रलय हवेचा होता. मुंबईचे हवामान पालटले काय, याचा निवाडा त्या एका दिवसावरून होत नाही, त्यास कुलाब्याचे सारे दफ्तर उलगडावे लागते.

शालेय भूगोलाने ‘हवा’ आणि ‘हवामान’ हा भेद राखला आहे. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत मात्र दोहोंस सर्रास ‘हवामान’च म्हणतात. उद्या पाऊस पडेल की नाही हे सांगणारा अंदाज हवेचा आहे. वृत्तपत्रांनी तो त्याच नावाने छापावा.