राजाबाईंचा मुलगा आणि आपल्या घरातल्या वह्या



आपल्या बहुतेक घरांत एका मूळपुरुषाची गोष्ट असते. तो लोटा-डोरी घेऊन आला, कापडाचे गाठोडे खांद्यावर टाकून गावोगाव फिरला, मग पेठेत दुकान घातले. गोष्ट इथेच संपते. त्यात साल नसते आणि त्याच्या आईचे नाव तर नसतेच. अशा पूर्वजाचा माग काढताना शेठ प्रेमचंद रायचंद यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला वाटते.

प्रेमचंदजी 1831 साली सुरतेच्या ओसवाल जैन घरात जन्मले. वडील लाकडाचे व्यापारी, कुटुंब मुंबईला आले. 1852 च्या सुमारास प्रेमचंदजी दलालीत शिरले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत ते कापसाचे राजे झाले.

त्यांची लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आई राजाबाई दृष्टिहीन होत्या. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम. वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळाचा मनोरा बांधला, तोच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर.

आता कागद काय सांगतो ते पाहू. 1864 साली प्रेमचंदजींनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी 2 लाख रुपये दिले. मग मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख देऊन त्याला आईचे नाव मागितले. बांधकाम 1869 मध्ये सुरू झाले आणि 1878 मध्ये पुरे झाले. त्यांचा बंगला भायखळ्याला, मनोरा फोर्टात. मधले अंतर चार-पाच किलोमीटर. घंटा तिथवर रोज ऐकू जात असेल का, हा प्रश्न पडतोच.

मग गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. दानाच्या कागदात रक्कम असते, आईचा चौविहार नसतो. त्या घरात रात्रिभोजनत्याग किती कसोशीने पाळला जाई, ही आठवण गोष्टीनेच जपली.

पण गोष्ट एक बाजू गाळते. अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 या हिशेब चुकते करण्याच्या दिवशी मुंबईतली कितीतरी घरे बसली. प्रेमचंदजींचेही दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर झालेल्या सरकारी चौकशीत त्यांचे नाव आहे. दान मात्र आधीच देऊन झाले होते. 1906 मध्ये ते गेले, त्यांच्या आईचे नाव आजही उभे आहे.

आपल्या घरच्या शोधातही अशीच दोन्ही बाजूंची गाठ घालावी लागते. माळ्यावरची लाल कापडाची वही काढा. पहिल्या पानावर श्री, आणि गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी मागणारे लेखन सापडेल. शेजारी संवत असतो. कार्तिकात सुरू होणारे वर्ष असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत 57 आणि पुढे 56 वजा करा, इसवी सन मिळतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. धर्मादा खाते पाहा, घरखर्चाचे पाहा. बायका नावाने क्वचितच दिसतात. लेकीच्या लग्नाचा आणि बाळंतपणाचा खर्च मात्र दिसतो. तारीख तिथूनच काढायची.

लिपी मोडी किंवा महाजनी असेल तर जाणकाराला दाखवा. महाजनीत काना-मात्रा गाळतात, म्हणून 'काकाजी अजमेर गये' हे कुणीतरी 'काकाजी आज मर गये' असे वाचले आणि घरात रडारड झाली, हा विनोद आपल्याकडे जुनाच आहे. वही नसेल तर गजपंथा, मांगीतुंगीसारख्या तीर्थांवरच्या दात्यांच्या पाट्या वाचा, त्यांवर नावाबरोबर गावही असते.

काही घरांत 1875 च्या आधीचे काहीच मिळत नाही. त्या वर्षी मे महिन्यात सुप्यापासून पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजर सावकारांची खतपत्रे जाळली. आपला पूर्वज पेढीवर कर्ज देत असेल, तर हेही लेकरांना सांगायचे. देरासरच्या पायरीवर कोरलेले दान आणि कुळाच्या शेतावरचे गहाण, दोन्ही त्याच हाताने लिहिलेले असू शकते. एकच सांगितले तर पूर्वज अर्धाच राहतो.

आणि एक काम आजच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. सासूबाईंच्या सासूबाईंचे नाव, माहेर आणि त्या पाळत असलेला नेम विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. सगळ्यांच्या मुलांना मनोरा बांधता येत नाही. वहीतले एक पान मात्र प्रत्येक घरात निघते.